इवायांचे साचे

या जगात जी जी म्हणून वस्तू आहे ती फक्त तिचं माप घेता यावं यासाठीच जन्माला आली आहे, असं ठामपणे मानणारा माणूस आमच्या इवायांसारखा दुसरा होणे नाही. इवाई म्हणजे व्याही, माझ्या लेकीचे सासरे. तीस वर्षं बुलढाण्याच्या शाळेत मराठी शिकवताना मी पोरांच्या वहीतला ‘इवाई’ लाल शाईनं खोडत आलो. पण हे गृहस्थ पहिल्यांदा भेटले तेव्हा माझा हात दोन्ही हातांत धरून “जयभीम इवाई” म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना व्याही म्हणायला माझी जीभ वळलेली नाही. मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं कवळ्या बनवायचं दुकान होतं. तोंडात लगदा भरून जबड्याचं माप घ्यायचं, त्या मापात प्लास्टर ओतायचं, मेणाची दाढ कोरायची, घासायची, बसवायची. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. बाजारात एखादा म्हातारा फुटाणे कडाकडा चावत निघाला की इवाई रस्त्यात थांबायचे, कान देऊन तो आवाज ऐकायचे आणि मला कोपर मारून म्हणायचे, “आपलं काम होय ते.” माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. जबडे राहतात.

माझी लेक पल्लवी, तिला पाहायला हे लोक आले तो दिवस मी विसरू म्हटलं तरी आमच्या घरातले लोक मला विसरू देत नाहीत. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. इवाई गप्प. चहा-चिवडा आल्यावर मात्र ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “पोरी, जरा चिवडा खाऊन दाखव.” पल्लवीनं घाबरत घाबरत दोन घास खाल्ले. इवायांनी मान एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून तिरकी केली आणि आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, निकाल सांगितला, “दाताची पंगत सरळ आहे, अन् दोन्ही बाजूनं चावते. शांत डोक्याची पोरगी आहे. करून टाका.” एका बाजूनं चावणारी माणसं भांडखोर असतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. तो समजावून सांगताना ते माझ्याकडे वळले आणि भर बैठकीत म्हणाले, “जसे आमचे इवाई.” माझी बायको त्या दिवशी जी हसली ती अजून थांबलेली नाही. घरात जरा आवाज चढला की ती विचारते, “आज कोणत्या बाजूनं जेवले?”

लग्नाला चार वर्षं झाली असतील, इवायांच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याला काहीतरी झालं. कडेकडेचं दिसायचं, पण मधोमध धुकं. गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून ते आपल्याशी बोलतात तेव्हा आपल्या कानामागे कुठेतरी पाहतात. नवख्या माणसाला वाटतं मागे कोणी उभं आहे, आणि तोही वळून पाहतो. दाढेचं काम केसाच्या अंतराचं. इवायांनी एका सकाळी स्वतःच दुकानाची पाटी उतरवली. त्यानंतरचे काही महिने त्यांनी घरात बसून काय केलं, ते विहीणबाईंनाच विचारावं. त्यांनी डबे लावले, डबे काढले, पुन्हा लावले. तेल म्हणून विहीणबाईंच्या हाती काकवी येऊ लागली.

त्यांना वाचवलं ते केकनं. पल्लवी मोबाइलवर पाहून पाहून घरीच केक करायला लागली होती. वाढदिवसाच्या चार-दोन ऑर्डरी मिळायच्या. केकवर बसवायला साखरेची फुलं करावीत म्हणून तिनं कुरिअरनं गुलाबाचा एक रबरी साचा मागवला. इवायांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं आतून चाचपला आणि ताडकन उठून बसले. “हे तं माप होय! चाळीस वर्षं म्या हेच केलं, अन् घरच्या माणसाले सोडून तू हे बाजारातून आणतेस?” तेव्हापासून पल्लवीच्या ओट्याचा एक कोपरा गेला तो गेलाच. फुलं करायच्या साखरेच्या गोळ्याला फॉन्डंट म्हणतात, तो शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. ती साखरेची कणीक झाली. केकला ते बैठक म्हणतात, कारण कवळीलाही बैठक असते. पहिला साचा करायला त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली. दोन दिवस घरभर आंबट वास. पल्लवी नाकाला पदर लावून म्हणाली, “बाबा, हे खिडकीच्या काचा चिकटवायचं आहे, खायच्या वस्तूला चालत नाही.” इवाई रुसले. तिसऱ्या दिवशी रुसवा सोडून त्यांनी खाण्याच्या कामाचं सिलिकॉन मागवून घेतलं. दोन रंगांचे दोन गोळे, एकत्र मळायचे आणि घट्ट व्हायच्या आत वस्तूवर दाबायचे. मळताना ते मोठ्यानं आकडे मोजतात आणि तेवढा वेळ घरात कोणी शिंकलेलंही त्यांना खपत नाही.

मग काय, घरातली एक वस्तू सुटली नाही. अडकित्ता, कुंकवाचा करंडा, शिलाई मशीनच्या पायडलची नक्षी, जावयाच्या पट्ट्याचं बक्कल. माझी बायको एकदा भारी काठाचं लुगडं नेसून त्यांच्याकडे गेली. त्या काठाची वेल इवायांच्या बोटांना लागली आणि तिला त्याच लुगड्यात, पदर टेबलावर पसरून, जागच्या जागी बसून राहावं लागलं. “इहीणबाई, हलू नका, वेल तुटन,” असं दर मिनिटाला बजावणं चालू. ती वेल पुढे कितीतरी केकांच्या कडेनं फिरली. माझीही गत वेगळी नव्हती. एकदा दुपारी जेवून त्यांच्या दिवाणावर आडवा झालो आणि जाग आली तर छातीवर काहीतरी जड. पाहतो तो शर्टच्या बटणावर हिरवा गोळा, आणि उशाशी इवाई. “उठू नका इवाई, अजून तीन मिनिटं.” मी म्हटलं, “अहो, बटणाचं काय करणार?” म्हणाले, “एका गिऱ्हाइकाच्या लेकराच्या वाढदिवसाले साखरेचा सदरा करून राह्यली पल्लवी. त्याले बटणं नको?” हा युक्तिवाद मी एका बाजूनं चावणारा माणूस असूनही मला खोडता आला नाही.

लोणारची गोष्ट तर माझी बायको अजून पदरानं तोंड झाकून सांगते. आम्ही दोन्ही घरची माणसं सरोवर पाहायला गेलो होतो. सगळ्यांना खाली पाण्याकडे जायची घाई असताना इवाई मात्र गावातल्या एका जुन्या देवळाच्या खांबाशी अडकले. खांबावर दगडाचं एक आठ पाकळ्यांचं फूल होतं. सिलिकॉन काही सोबत नव्हतं. पण पल्लवीनं दुपारी तिथंच तळायच्या पुऱ्यांसाठी भिजवलेली कणीक डब्यात होती. इवायांनी गोळा घेतला, डोळे मिटले आणि खांबावर दाबून उभे राहिले. तेवढ्यात राखणदार आला.

“ओ काका, काय लावून राह्यले तिथं?”

“काही नाई भाऊ. माप घेऊन राह्यलो.”

“कोणाचं माप?”

“फुलाचं. तुम्ही बोलू नका, मोजणं चुकते माह्यं.”

डोळे मिटलेला म्हातारा, हातात कणकेचा गोळा, तोंडानं काहीतरी पुटपुटतो आहे. राखणदारानं काय समजायचं ते समजून घेतलं. तो चार पावलं मागे सरला आणि लांबूनच हात जोडून म्हणाला, “काका, काय उतारा असन तो गावाबाहेर टाका, मले लेकरंबाळं आहेत.” मी पुढे होऊन समजूत घातली, मास्तर असल्याचं सांगितलं, खांबाला लागलेलं पीठ ओल्या फडक्यानं स्वतः पुसून काढलं. तोवर इवायांनी गोळा अलगद सोडवला होता. परतीच्या गाडीत तो गोळा मांडीवर बाळासारखा धरून बसले होते, आणि पुऱ्या मात्र सगळ्यांना एकेक कमी मिळाल्या.

हे सगळं हसण्यावारी जाईल असं मला वाटत होतं, पण मलकापूर हे काही फार मोठं गाव नाही. कवळीवाल्याच्या घरचा केक, असं कोणीतरी म्हणालं आणि ते पसरलं. वास्तविक इवायांनी दुकानातली सगळी हत्यारं पेटीत घालून किल्ली विहीणबाईंच्या हवाली केली होती. केकचं सामान नवं, वेगळं, रोज उकळलेलं. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? एक बाई तर ऑर्डर द्यायला येऊन पल्लवीला हळूच विचारून गेली, “ते दाताचं भांडं तं नाई न वापरत?” पल्लवीनं हसून वेळ मारून नेली. रात्रीच्या फोनवर मात्र ती आईजवळ रडली. आम्ही म्हटलं, बाजारातले साचे घेऊन टाक, आणि लोकांना तसं सांग. ती म्हणाली, “अन् मग बाबांनी काय करायचं? पुन्हा डबे लावायचे?”

अशात कापसाची जिनिंग फॅक्टरी असलेल्या एका शेठची ऑर्डर आली. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. तीन मजली केक पाहिजे, आणि घर कापसावर उभं राहिलं म्हणून केकभर कापसाची फुटलेली बोंडं. मलकापुरातलं निम्मं गाव जेवायला येणार. हा केक जमला तर लोकांची तोंडं बंद; फसला तर पल्लवीनं ओव्हन विकायलाच काढावा. पेच असा सरळ होता. आम्ही दोघं चार दिवस आधीच मदतीला जाऊन पोहोचलो.

इवायांनी आधी खऱ्याच बोंडावर सिलिकॉन दाबलं. सोडवताना सगळा कापूस साच्यातच चिकटून आला. केसाळ सुरवंटासारखं काहीतरी हातात राहिलं. मग ते म्हणाले, “नको. मेणात कोरतो. कोरल्याशिवाय माप नाई.” खिडकीशी बसून, मान तिरकी धरून त्यांनी दिवसभर मेण कोरलं. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. संध्याकाळी पल्लवीनं त्यावरून साचा केला, साखरेची कणीक दाबली, आणि एका ताटात बारा बोंडं मांडून आमच्यापुढे ठेवली. इवाई हात पुसायला मागे गेले होते. आम्ही ताटात पाहिलं. मी एक बोंड उचलून उलटंसुलटं करून पाहिलं. शेवटी माझी बायको हळूच म्हणाली, “अगं, ह्या तं दाढा होत.”

होत्याच. पांढऱ्याशुभ्र, वरून खोलगट, चार कोपऱ्यांना चार उंचवटे. बोंडाखालची सुकलेली टरफलं व्हायची होती त्यांची मुळं झाली होती. एखाद्या माणसाला अक्कलदाढ आली तर ती इतकी सुबक येणार नाही. मी तोंडात पंचा कोंबला. पल्लवीच्या डोळ्यांत हसू आणि पाणी एकदमच आलं. तीन मजली केकभर दाढा, तोही कवळीवाल्याच्या घरचा! पण ते इवायांना सांगायचं कोणी? तीस वर्षं लोकांच्या लेकरांना त्यांच्या चुका दाखवण्याचा पगार खाल्लेला माणूस घरात असल्यामुळे मतदान घ्यावं लागलं नाही.

मी बाहेर गेलो. इवाई पडवीत बसले होते. मी हवापाण्यावर बोललो, गाड्यांच्या गर्दीवर बोललो, जावयाची भुसावळची ड्यूटी कशी चालली आहे ते विचारलं. तेच म्हणाले, “इवाई, बोंड नाई झालं ना?”

मला खोटं बोलता आलं नाही. “नाही,” मी म्हटलं.

“मले माहीत आहे. डोळ्याले नाई दिसत, पण बोटाले समजते न. कोरता कोरताच समजलं.” ते माझ्या कानामागे पाहत होते. “म्या दोन डाव मोडून पुन्हा कोरलं. हात तिथंच जाते. चाळीस वर्षं एका वाटेनं गेलेला बैल, त्याले दुसऱ्या वावरात कसा घालू? पोरीचं नाव जाईन माह्यापाई. तिले म्हणा, बाजारातून माप आणून घे. मी काही म्हणत नाई.”

दारात पल्लवी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि मेणाचा नवा गोळा, कोरणी आणि एक खरं बोंड घेऊन आली. खाली बसून म्हणाली, “बाबा, मी कोरते. तुम्ही फक्त हात लावून सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते दोघं पडवीत बसून होते. इवायांचं डाव्या हाताचं बोट खऱ्या बोंडावर आणि उजव्या हाताचं मेणावर. “इथं फुगव. अजून. दाढ खाली बसते पोरी, बोंड वर येते. पाकळी पाकळीले टेकते तिथं गल्ली ठेव. नाई, एवढी नाई, सुई जाईन एवढीच.” पहिलं मोडलं, दुसरं मोडलं. तिसऱ्यावर त्यांचं बोट बराच वेळ फिरलं आणि थांबलं. “झालं,” ते म्हणाले. मी शाळेत किती शिकवलं याचा हिशेब मी स्वतःलाच अनेकदा ऐकवतो, पण माझ्या लेकीनं माझ्याकडून असं काही कधी शिकून घेतलं नव्हतं. मला इवायांचा हेवा वाटला. सांगायला लाज कसली?

केक मांडवात ठेवला तेव्हा सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघाले. शेठची म्हातारी आई जवळ आली, तिनं आयुष्यभर कापूस वेचला होता. ती सुनेवर रागावून म्हणाली, “खायच्या वस्तूले खरा कापूस काऊन लावला वं? नरड्यात जाईन न लोकायच्या!” पल्लवीनं एक बोंड काढून तिच्या हातावर ठेवलं. म्हातारीनं ते जिभेला लावलं आणि पोरीसारखी हसत सुटली. कोणीतरी इवायांना विचारलं, हे साचे तुम्हीच केले का? ते म्हणाले, “माह्या सुनेनं.” एवढंच. त्या महिन्यात पल्लवीच्या ओट्यावर जागा पुरेना.

हे झालं मागच्या दिवाळीनंतर. उन्हाळ्यात मी पुन्हा मलकापूरला गेलो तेव्हा मधलं धुकं आणखी पसरलं होतं. पल्लवी एका बारशाच्या केकसाठी मेणाचा पाळणा कोरत होती. इतका सुरेख, की मी चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिला. काम झालं, आणि पाहतो तर तिनं मेणाचा एक कण घेऊन पाळण्याच्या एका दांडीवर अंगठ्यानं दाबून ठेवला. मी म्हटलं, “अगं, बिघडवलंस की!” ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळूच म्हणाली, “बाबांना सापडायला काहीतरी पाहिजे ना.” मग तिनं हाक मारली. इवाई आले, बसले, बोटं फिरवू लागले. एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ही दांडी जाड आहे पोरी. घाई करतेस तू.” पल्लवी म्हणाली, “हो बाबा, चुकलंच माझं,” आणि तिनं तो कण खरवडून काढला.

संध्याकाळी ते मला बसस्टँडवर पोहोचवायला आले. म्हणजे खरं तर मीच त्यांचा हात धरून चाललो होतो. बुलढाण्याची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, “इवाई, एक गोष्ट सांगतो, घरी बोलू नका. पोरगी मुद्दाम एक चूक ठेवते.”

“कशावरून?”

“चूक दरवेळी नव्या जागी असते. अंगठा तिचाच असते.”

मला हसू आलं. “मग लगेच सांगत का नाही? दोनदोनदा कशाला हात फिरवता?”

“लगेच सापडली तं तिले वाटन, सोपी झाली. मंग ती बारीक ठेवन.” ते बोटं एकमेकांवर घासत म्हणाले, “बारीक ठेवली, अन् मले खरंच नाई सापडली, तं?”

तेवढ्यात गाडी लागली. मी चढलो, मागच्या बाजूला खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा इवाई हात हलवून निरोप देत होते, माझ्या खिडकीच्या तीन खिडक्या पुढे. मी पिशवी तिथंच सोडून उठलो, माणसांच्या पायांवरून वाट काढत त्या खिडकीपाशी गेलो आणि हात बाहेर काढून हलवू लागलो.